अ‍ॅडव्हर्ब कोणता आणि व्हर्ब कोणता, इंग्रजी वाक्यात कसं ओळखायचं

माझ्याकडं संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका पोरीनं भावावर आठ-दहा ओळी लिहून आणल्या होत्या. रात्री दोनला लाईट येती, भाऊ बॅटरी घेऊन उठतो, हरभऱ्याला पाणी देतो, सकाळी पुन्हा डेअरीला दूध घालतो, सगळं नीट लिहिलेलं, आणि शेवटचं वाक्य होतं 'माय ब्रदर इज हार्डली वर्किंग इन द फील्ड'. तिला म्हणायचं होतं, माझा भाऊ शेतात लई कष्ट करायलाय. लिहिलेल्याचा अर्थ झाला, माझा भाऊ शेतात काम जवळजवळ करतच नाही. मी समजावून सांगितलं तर तिचा चेहराच उतरला, कारण तिनं नियम पाळला होता. अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण) पाहिजे असला की शब्दाला एल-वाय लावायचं, हे तिला कुणीतरी शिकवलेलं, तिनं लावलं. तिच्या बाजूनं काही चुकलं नव्हतं, तिला नियम अर्धाच मिळाला होता.

म्हणून हे सगळं एकदा बसून लिहायलेय. ज्यांना गो-वेंट-गॉन पाठ आहे, म्हणजे व्ही-वन व्ही-टू व्ही-थ्री येतं, पण वाक्य समोर आलं की यातला व्हर्ब म्हणजे क्रियापद कोणता, अ‍ॅडव्हर्ब कोणता आणि हे आय-एन-जीवालं मधेच कोण आलं असा गोंधळ होतो, त्यांच्यासाठी. स्पर्धा परीक्षावाल्यांना तर हे लागतंच, तलाठी भरतीच्या २०२३ च्या पेपरात १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, म्हणजे २०० पैकी ५० मार्क. उदाहरणं मी देवनागरीतच लिहिते, मोबाईलवर वाचायला तेच सोपं पडतं, तुम्ही शेजारी वही घेऊन प्रत्येक वाक्य इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्या, स्पेलिंगचाही सराव होतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मराठी शाळेत आपण 'शब्दांच्या जाती' शिकतो, त्यामुळं वाटतं की प्रत्येक शब्दाला जन्मतःच जात चिकटलेली असते. तसं नसतं. शब्द त्या वाक्यात काय काम करायलाय त्यावरून त्याची जात ठरती, तोच शब्द दुसऱ्या वाक्यात दुसरं काम करतो. आपल्या मराठवाड्याच्या बोलीतलंच बघा ना. 'तो यायला' म्हटलं की आपल्याकडं अर्थ होतो तो येतोय, रस्त्यात आहे. आणि 'तो यायला तयार नाही' म्हटलं की तेच 'यायला', पण आता ते क्रियापद राहिलं नाही, क्रियापद 'नाही' झालं. दोन्ही वाक्यं आपल्या घरात दिवसातून दहादा बोलली जातात आणि कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण आपला कान काम ऐकतो. इंग्रजीत हेच करायचंय, फक्त तिथं कान तयार नाही म्हणून पायऱ्या लागतात.

पायरी १. आधी व्हर्ब पकडा, अ‍ॅडव्हर्ब नंतर.

बहुतेक पोरं उलटं करतात, आधी एल-वाय शोधत बसतात. तसं नका करू. वाक्याचा खांब व्हर्ब असतो, तो सापडला की बाकीचं सोपं. तो सापडायचा उपाय म्हणजे वाक्य कालच्यावर ढकलून बघायचं. 'रमेश ड्राइव्ज द ट्रॅक्टर स्लोली' हे वाक्य घ्या आणि पुढं 'यस्टरडे' लावा. 'रमेश ड्रोव्ह द ट्रॅक्टर स्लोली यस्टरडे'. कोणता शब्द बदलला? ड्राइव्ज. तो व्हर्ब. 'स्लोली' जागचं हाललं का? नाही. काल असो, आज असो, उद्या असो, स्लोली ते स्लोलीच. काळानुसार बदलणं हे व्हर्बचं लक्षण, अ‍ॅडव्हर्ब काळासाठी कधीच बदलत नाही. फास्टचं फास्टर होतं, वेलचं बेटर होतं, हे खरंय, पण तो तुलनेचा बदल झाला, काळाचा नाही.

एक अडचण येते. कट, पुट, हिट असले व्हर्ब कालच्या वाक्यातही तसेच राहतात. बीडकडून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊस तोडायला जातात, त्यांच्यावर वाक्य केलं, 'दे कट केन क्विकली', तर काल टाकून पण 'कट'च राहील आणि तुम्हाला वाटंल अरे मग हा व्हर्ब नाही का. अशा वेळी 'दे' काढून 'ही' टाका, 'ही कट्स केन क्विकली'. एस लागला तो व्हर्ब. या दोन्हीपैकी एक तपासणी कामी येतेच.

आणि व्हर्ब एकाच शब्दाचा असतो असं धरून चालू नका. 'द बस हॅज ऑलरेडी लेफ्ट' यात व्हर्ब आहे 'हॅज लेफ्ट', आणि मधे घुसलेलं 'ऑलरेडी' हे अ‍ॅडव्हर्ब आहे. ही जागा फार फसवी आहे, दोन व्हर्बच्या मधे बसलंय म्हणून पोरं त्याला पण व्हर्बमधे धरतात. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, जस्ट, ऑलरेडी ही मंडळी तिथंच बसतात, मदतीच्या व्हर्बनंतर आणि मुख्य व्हर्बच्या आधी. 'नॉट' सुद्धा अ‍ॅडव्हर्बच. 'डोन्ट', 'कान्ट' मधे ते व्हर्बला इतकं चिकटतं की वेगळं दिसतच नाही, पण आहे ते अ‍ॅडव्हर्ब.

पायरी २. व्हर्बला प्रश्न विचारा.

कसं, कधी, कुठं, कितींदा, किती. 'द रेन केम सडनली हिअर यस्टरडे'. पाऊस कसा आला? सडनली. कुठं? हिअर. कधी? यस्टरडे. तिन्ही अ‍ॅडव्हर्ब, आणि यातल्या दोघांना एल-वाय नाही हे लक्षात घ्या. 'व्हेरी हॉट' मधलं व्हेरी पण अ‍ॅडव्हर्ब, ते व्हर्बकडं न जाता 'हॉट'कडं जातं, आपण 'लई ऊन आहे' म्हणतो तसं.

अ‍ॅडव्हर्ब बहुधा काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं, व्हर्ब काढला की पडतं. बहुधा म्हणायचं कारण, 'पुट द बकेट हिअर' मधलं हिअर काढलं तर वाक्य अर्धवट राहतं, बादली ठेव पण कुठं. असे थोडेच असतात.

पायरी ३. एल-वायवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

यात कान फार मदत करतो आणि हे मला कुणी लवकर सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं. स्लोली, क्विकली, सॅडली, डेली, सगळ्यांचा शेवट ऐका, 'ली'. आता हे ऐका, अप्लाय, रिप्लाय, सप्लाय, रिलाय, मल्टिप्लाय. स्पेलिंगच्या शेवटी एल-वायच आहे पण आवाज 'लाय'. लाय ऐकू आलं की बहुधा व्हर्ब, ली ऐकू आलं की अ‍ॅडव्हर्ब असण्याची शक्यता. शक्यता म्हणतेय, खात्री नाही, कारण ली वाले सगळेच अ‍ॅडव्हर्ब नसतात. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणं आहेत, अ‍ॅडजेक्टिव्ह. फॅमिली, जेली ही नामं. आणि रॅली, टॅली, बुली हे ली आवाजाचे असून व्हर्ब म्हणून पण वापरतात, 'द फिगर्स टॅली' म्हणजे आकडे जुळतात, काल टाका, 'टॅलीड', लगेच कळतं.

आता त्या पोरीच्या वाक्याकडं या. फास्ट, हार्ड, लेट, अर्ली, स्ट्रेट, हाय, निअर या शब्दांना अ‍ॅडव्हर्ब व्हायला एल-वाय लागत नाही, ते आहे तसेच अ‍ॅडव्हर्ब असतात. यातल्या काहींना एल-वाय लावलं की शब्द तयार होतो पण अर्थ पार दुसरीकडं जातो. हार्ड म्हणजे कष्टानं, हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली, अलीकडं. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ. 'ही केम लेट' आणि 'ही हॅज कम लेटली' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'फास्टली' असा शब्द तर आजच्या इंग्रजीत चालतच नाही, तरी दर बॅचला कुणीतरी लिहितंच. हे चार-पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पायरी ४. मराठी आपल्याला कुठं अडकवते ते ओळखा.

'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो'. मराठीत चांगला हा शब्द विशेषण म्हणूनही चालतो, चांगला मुलगा, आणि क्रियेची रीत सांगायलाही चालतो, वर परत लिंगानुसार बदलतो. त्यामुळं आपल्या डोक्यात चांगला म्हटलं की एकच शब्द येतो आणि हात लिहून जातो 'शी सिंग्ज गुड'. तिथं 'वेल' पाहिजे, 'शी सिंग्ज वेल'. गुड कुणाला जोडायचं तर माणसाला, वस्तूला, 'शी इज अ गुड सिंगर'. क्रियेला जोडायचं तर वेल. ही चूक अडाणीपणाची नाही बरं का, मराठी पक्की असलेल्या पोरांची ही चूक जास्त होते, कारण ते मराठीत विचार करून उतरवतात. उपाय एकच, चांगला लिहायच्या आधी स्वतःला विचारा, कोण चांगलं, माणूस का त्याचं काम?

बाकी आपल्याकडचे पटकन, झटकन, हळूहळू, जोरात हे शब्द तर पक्के क्रियाविशेषण आहेत, तिथं अडचण येत नाही. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, ते शेवटपर्यंत हळू न म्हणता 'आहिस्ता चल' म्हणायचे, ते आहिस्ता पण त्याच पंगतीतलं.

पायरी ५. 'आहे' टाकून बघायचे व्हर्ब.

बीडचं सीताफळ खाऊन तुम्हाला म्हणायचंय की हे गोड लागतंय. 'धिस कस्टर्ड अ‍ॅपल टेस्ट्स स्वीट' का 'स्वीटली'? नियम पाठ असलेला म्हणतो, टेस्ट्स व्हर्ब आहे, त्याच्यापुढं अ‍ॅडव्हर्ब पाहिजे, स्वीटली. चूक. गोडपणा सीताफळाचा आहे, चव घ्यायच्या क्रियेचा नाही. टेस्ट्सच्या जागी 'इज' टाका, 'धिस कस्टर्ड अ‍ॅपल इज स्वीट', बसलं ना? बसलं की पुढं अ‍ॅडजेक्टिव्ह येणार. लुक, स्मेल, फील, साउंड, सीम, बिकम, टर्न हे त्याच घरातले.

पण हेच व्हर्ब कधी खरोखर क्रिया दाखवतात. 'द सोयाबीन टर्न्ड यलो', सोयाबीन पिवळं पडलं, इथं 'इज' बसतं. 'द ट्रॅक्टर टर्न्ड स्लोली', ट्रॅक्टर हळू वळला, इथं 'द ट्रॅक्टर इज स्लोली' म्हणून बघा, काही अर्थ लागत नाही, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. तसंच 'ही लुक्ड अँग्री', तो रागावलेला दिसत होता, आणि 'ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द कंडक्टर', त्यानं कंडक्टरकडं रागानं बघितलं. एकच लुक्ड, दोन कामं.

पायरी ६. आय-एन-जी.

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात, म्हणून इथं जरा बसू. आय-एन-जी लागलं की चालू काळ, असं पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि एक रूप चार कामं करतं हे कुणी सांगत नाही.

'रनिंग' घ्या. 'द बॉय इज रनिंग', मुलगा पळायलाय. 'द बॉय केम रनिंग', मुलगा पळत आला. 'रनिंग इज गुड फॉर हेल्थ', पळणं तब्येतीला चांगलं. 'डोन्ट क्रॉस रनिंग वॉटर', वाहतं पाणी ओलांडू नका. आता मी मराठीत काय लिहिलं ते परत वाचा. पळायलाय, पळत, पळणं, वाहतं. इंग्रजीनं चारही ठिकाणी एकच रूप वापरलं, आणि मराठीनं चार वेगळी रूपं वापरली. म्हणजे इथं मराठी आपल्याला अडकवत नाही, उलट सोडवते. वाक्याचं मनातल्या मनात मराठी करा आणि शेपूट बघा. पळतोय किंवा पळायलाय आलं तर तो व्हर्बचाच भाग. पळत, पळत-पळत, पळताना असं आलं तर ते अ‍ॅडव्हर्बचं काम. पळणं आलं तर नामाचं काम, त्याला जेरंड म्हणतात. पळता, वाहता, पळणारा आलं तर विशेषणाचं काम.

'केम रनिंग' वर कालची तपासणी पण लावून बघा. आज 'ही कम्स रनिंग', काल 'ही केम रनिंग'. बदललं कोण? कम. रनिंग तसंच राहिलं, म्हणजे खांब कम आहे आणि रनिंग त्याला टेकून कसं आला ते सांगायलाय. परीक्षेत याचं नाव विचारलं तर 'प्रेझेंट पार्टिसिपल' हे उत्तर, कारण रूप व्हर्बपासून बनलेलं आहे. काम विचारलं तर अ‍ॅडव्हर्बचं. नाव आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रश्नात काय विचारलंय ते दोनदा वाचा.

'इज' दिसलं म्हणून पण घाई करू नका. 'माय हॉबी इज रनिंग', इज आहे, आय-एन-जी आहे, पण छंद काही पळत नाही. कोण पळतंय असं विचारा, उत्तर 'हॉबी' येत असंल तर गडबड आहे हे लगेच कळतं. इथं रनिंग जेरंड आहे.

वाक्याच्या सुरुवातीला आय-एन-जी आलं तर अजून एक धोका असतो. मराठीत 'शेतात चालताना त्याला साप चावला' हे वाक्य एकदम बरोबर आहे, 'ताना' आलं की चालणारा कोण हे आपण समजून घेतो. तेच जसंच्या तसं उतरवलं, 'वॉकिंग इन द फील्ड, अ स्नेक बिट हिम', तर इंग्रजीत चालणारा साप होतो, कारण स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो त्यालाच ते वॉकिंग जाऊन चिकटतं. म्हणून 'वॉकिंग इन द फील्ड, ही वॉज बिटन बाय अ स्नेक', किंवा सरळ 'व्हाइल ही वॉज वॉकिंग'.

आय-एन-जीच्या किंवा ई-डीच्या पुढं अजून ली लागली की मात्र विषय संपला, तो अ‍ॅडव्हर्ब. सरप्राइझिंगली, अकॉर्डिंगली, रिपीटेडली. नुसतं 'टायर्ड', 'एक्साइटेड' असंल तर ते माणसाची अवस्था सांगतं, 'ही केम होम टायर्ड', दमलेला कोण, तो. म्हणून ते विशेषणाकडं जातं.

पायरी ७. टू लागलेला व्हर्ब.

'शी केम टू लातूर टू स्टडी'. एका वाक्यात दोन टू. पहिल्या टूपुढं गाव आहे, तो साधा प्रिपोझिशन, म्हणजे नामाच्या आधी येऊन संबंध दाखवणारा शब्द. दुसऱ्यापुढं व्हर्बचं मूळ रूप आहे, ते इन्फिनिटिव्ह, आणि ते सांगतंय कशासाठी आली, शिकायला. कशासाठीचं उत्तर म्हणजे अ‍ॅडव्हर्बचं काम. खात्री करायची तर टूच्या आधी 'इन ऑर्डर' टाका, 'शी केम टू लातूर इन ऑर्डर टू स्टडी', बसतं. आता 'शी वॉन्ट्स टू स्टडी' मधे टाका, 'वॉन्ट्स इन ऑर्डर टू स्टडी', बसतच नाही, कारण तिथं काय पाहिजे याचं उत्तर आहे, नामाचं काम. 'अ बुक टू रीड', वाचायचं पुस्तक, तिथं विशेषणाचं. इन्फिनिटिव्हला एस लागत नाही, काल टाकलं तरी बदलत नाही, म्हणून ते वाक्याचा खांब कधी नसतं.

पायरी ८. व्हर्बला चिकटलेले छोटे शब्द, ऑफ, अप, डाउन, आउट.

'ही स्विच्ड ऑफ द मोटर' आणि 'ही क्लाइंब्ड डाउन द वेल'. त्यानं मोटर बंद केली, तो विहिरीत उतरला. दिसायला दोन्ही वाक्यं सारखी, पण ऑफ आणि डाउन एका जातीचे नाहीत. मोटर आणि विहिरीच्या जागी 'इट' टाकून बघा. 'ही स्विच्ड इट ऑफ', इट मधे गेलं आणि ऑफ शेवटी राहिलं. 'ही क्लाइंब्ड डाउन इट', इथं इट शेवटीच, 'क्लाइंब्ड इट डाउन' असं या अर्थानं कुणी म्हणत नाही. इट मधे जात असंल तर तो छोटा शब्द व्हर्बचा जोडीदार, जुन्या व्याकरणात त्याला अ‍ॅडव्हर्ब म्हणतात, नव्या पुस्तकांत पार्टिकल, पर्यायात जे नाव दिलंय ते घ्या. इट शेवटीच राहत असंल तर तो प्रिपोझिशन.

काही वेळा छोट्या शब्दाच्या लगेच पुढं नामच नसतं, 'द बस ब्रोक डाउन निअर अंबाजोगाई', इथं डाउनच्या लगेच पुढं कुणी नाम नाही, म्हणजे प्रिपोझिशन असूच शकत नाही. आणि अर्थ बदलला म्हणून तो अ‍ॅडव्हर्बच, असं पण धरू नका. 'शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर', सांभाळते, अर्थ पार बदलला, पण 'लुक्स हर आफ्टर' म्हणता येत नाही, म्हणून आफ्टर प्रिपोझिशनच. इटची तपासणी अर्थापेक्षा भरवशाची आहे.

पायरी ९. एकच शब्द, चार कामं.

आपल्या आज्जीवर चार वाक्यं करा. 'ग्रँडमदर वॉक्स फास्ट', आज्जी भरभर चालते. 'ग्रँडमदर फास्ट्स ऑन एकादशी', आज्जी एकादशीला उपास करते. 'हर फास्ट एंड्स ऑन द्वादशी', तिचा उपास बारशीला सुटतो. 'शी टुक अ फास्ट बस टू पंढरपूर'. पहिल्यात अ‍ॅडव्हर्ब, दुसऱ्यात व्हर्ब, तिसऱ्यात नाम, चौथ्यात विशेषण. काल टाका, दुसऱ्या वाक्यात फास्टचं 'फास्टेड' होईल, बाकी कुठंच फास्टला काही होणार नाही. मला हा शब्द शिकवायला फार आवडतो, एकाच शब्दावर अर्धा तास जातो आणि नंतर पोरं स्वतःच असे शब्द शोधून आणतात. 'बॅक' आणतात, 'ही बॅक्ड द ट्रॅक्टर' आणि 'ही केम बॅक'. 'वेल' आणतात, विहीर पण वेल, 'सिंग्ज वेल' मधलं पण वेल, आणि 'टिअर्स वेल्ड अप इन हर आइज', डोळ्यांत पाणी आलं, तिथं तोच शब्द व्हर्ब. 'क्लोज' मधे तर आवाजच बदलतो, बंद करणे असंल तर शेवटी ज्-झ् सारखा घोगरा आवाज, आणि जवळ या अर्थानं असंल तर स्वच्छ स्. बोलून बघा, घशावर बोट ठेवून, पहिल्यात घसा थरथरतो.

'मेबी' हा जोडशब्द लिहिला तर अ‍ॅडव्हर्ब, कदाचित. 'मे बी' तोडून लिहिलं तर व्हर्ब, असू शकेल. 'मेबी ही इज इन परभणी', 'ही मे बी इन परभणी'. अर्थ जवळपास एकच, फरक एका जागेचा, आणि मार्क तिथंच जातो.

आता सगळ्या पायऱ्या एका वाक्यावर लावू. 'कमिंग होम लेट, ही क्विकली स्विच्ड ऑफ द मोटर टू सेव्ह वॉटर'. आज-काल करून बघितलं तर स्विचेस-स्विच्ड बदलतं, म्हणून खांब 'स्विच्ड'. इट टाकलं तर 'स्विच्ड इट ऑफ', म्हणून ऑफ त्याचा जोडीदार. कसं बंद केली, क्विकली, ली आवाज, अ‍ॅडव्हर्ब. कशासाठी, टू सेव्ह वॉटर, इन ऑर्डर बसतं, इन्फिनिटिव्ह आणि काम अ‍ॅडव्हर्बचं. कमिंग म्हणजे येताना किंवा आल्यावर, पार्टिसिपल, स्वल्पविरामानंतर 'ही' आहे आणि घरी येणारा तोच आहे म्हणून वाक्य बरोबर. लेट म्हणजे उशिरा, एल-वाय नसलेलं अ‍ॅडव्हर्ब. होम म्हणजे घरी, कुठंचं उत्तर, तेही अ‍ॅडव्हर्ब.

सरावाला ही पाच करा, उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा. 'द टीचर नेव्हर शाउट्स' मधलं नेव्हर. 'वी रिलाय ऑन द वेल' मधलं रिलाय. 'द मिल्क स्मेल्स बॅड' मधलं बॅड. 'शी सॅट रीडिंग अंडर द नीम ट्री' मधलं रीडिंग. 'द एक्झाम इज निअरिंग' मधलं निअरिंग.

नेव्हर अ‍ॅडव्हर्ब, कितींदाचं उत्तर. रिलाय व्हर्ब, लाय आवाज आणि ही-शी लावलं की रिलाइज. बॅड विशेषण, 'इज' टाकून बसतं. रीडिंग म्हणजे वाचत, लिंबाखाली वाचत बसली, पार्टिसिपल, काम अ‍ॅडव्हर्बचं. निअरिंग व्हर्बचा भाग, परीक्षा जवळ यायली. आणि त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी वही आणली तेव्हा शेवटची ओळ होती 'माय ब्रदर इज वर्किंग हार्ड इन द फील्ड', हार्डच्या खाली तिनं पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्या.